उत्तराचें मोल

मनुष्यानें आपले श्रम विकावे, आपलें कौशल्य विकावें, फार काय पण दिवसाचे आठ तास महिन्याच्या पगारावर दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु अमक्यानें आपलें मत विकलें असें म्हटलें, कीं ऐकणाराच्या कपाळास आठी पडते. मराठींत तर 'मत' या एकाच शब्दानें मनांतला अभिप्राय आणि निवडणुकींतला कौल असे दोन्ही अर्थ निघत असल्यामुळें, मताची विक्री म्हणतांच मतदानाच्या आदल्या रात्रीं वाटलेल्या नोटाच आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आणि तरीहि, लोकांस त्यांचें मत विचारावें व त्याबद्दल चार पैसे द्यावे, असा एक धंदा आज जगभर राजरोस चालला आहे. आपण कोणत्या साबणानें अंग धुतां, अमुक जाहिरात पाहून आपणांस काय वाटलें, चहाच्या पुड्यावर कोणतें चित्र असावें, असल्या प्रश्नांचीं उत्तरें मोबाइलच्या पडद्यावर बोटानें द्यावयाचीं आणि त्यांचा मोबदला घ्यावयाचा, असें त्याचें स्वरूप आहे. यास 'पेड सर्व्हे' म्हणतात. आपण मोबदल्याची पाहणी म्हणूं. याच धंद्याचा वेष घेऊन दुसराहि एक धंदा चालतो, आणि त्यांत उत्तर देणारासच लुबाडलें जातें. या दोहोंतील भेद कसा ओळखावा, हा प्रश्न वरवर पाहतां व्यवहाराचा दिसतो. परंतु आमच्या समजुतीप्रमाणें तो मुळांत नीतीचा प्रश्न आहे, आणि नीतीच्या बाजूनें त्याचा उलगडा झाला म्हणजे व्यवहाराची बाजूहि बहुतांशीं सुटते.

हा विचार आम्ही मुंबई-पुण्याच्या निमित्तानें न करतां चौसाळ्याच्या निमित्तानें करणार आहों. चौसाळा हें बीड तालुक्यांतील, मांजरसुंब्याच्या पुढें सोलापूर-धुळे महामार्गावर लागणारें बाजाराचें गांव. २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेपूर्वीं विधानसभेच्या एका मतदारसंघास याच गांवाचें नांव होतें. तेव्हां मताला मोल असतें, हें तेथील लोकांस कोणी नव्यानें शिकवावयास नको. परंतु या भागाची खरी ओळख निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें घरास कुलूप लावून ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात, आणि हंगामापूर्वीं मुकादमाकडून जी रक्कम घेतली जाते तीस 'उचल' म्हणतात. ज्या मुलखांत पोट भरणें याचा अर्थच घर सोडणें असा झाला आहे, तेथें 'घरबसल्या कमवा' या दोन शब्दांची मोहिनी किती असेल, याची कल्पना शहरांतील वाचकानें करून पाहावी. शहरांत ते शब्द आळशाची भूक चाळवितात. चौसाळ्यास ते वनवास संपल्याची वार्ता आणतात. आईबापांनीं ऊस तोडून ज्यास पदवीपर्यंत शिकविलें, अशा तिकडच्या एका तरुणानें मध्यंतरीं आम्हांस विचारिलें, "सर, यांत खरोखर पैसे मिळतात का? आणि मिळाले, तर ते घेण्यांत कांहीं वाईट आहे का?" हे दोन प्रश्न त्यानें एका श्वासांत विचारले. त्यांतील दुसऱ्याचा विचार आपण आधीं करूं.

उत्तराबद्दल पैसे घेतल्यानें उत्तर विटाळतें काय? न्यायालयाचें उदाहरण घ्या. साक्षीस बोलाविलेल्या मनुष्यास जाण्यायेण्याचा खर्च व भत्ता देण्याची वहिवाट आहे. त्याचा दिवस बुडतो, त्याची ती भरपाई असते. त्यामुळें साक्ष खोटी ठरत नाहीं. परंतु 'अमुक बोललास तर इतके' असें कोणी त्यास सांगितलें, कीं तेच पैसे लांच होतात. म्हणजे दोष पैशांत नाहीं. पैसा उत्तराच्या कोणत्या बाजूस चिकटला आहे, यांत आहे. वेळेचा आणि तसदीचा मोबदला हा मजुरीसारखा स्वच्छ आहे. उत्तर कसें असावें याचा मोबदला अस्वच्छ आहे. जनगणनेंत तर सरकार उत्तराबद्दल दिडकीहि देत नाहीं, उलट १९४८ च्या जनगणना कायद्यान्वयें उत्तर देणें हें नागरिकाचें बंधनच आहे. सरकार जें कर्तव्य म्हणून मागतें, तें व्यापारी मोबदला देऊन मागतो. दोघांसहि आपल्या उत्तराची गरज असते, आणि खोट्या उत्तरानें दोघांचेंहि नुकसान होतें. आमचा पुढील सर्व विचार या 'गरज' शब्दावर उभा राहावयाचा आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

पाहणी ही वस्तु महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मान यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर चौकशी करून १९१७ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, वर्षाचें उत्पन्न कुटुंबास पुरतें कीं नाहीं, हें त्यांनीं शेतकऱ्यांसच विचारून घेतलें. पुढें १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं तेथें खेड्यांच्या व शहरांच्या पाहण्यांची एक परंपराच सुरू झाली. या पाहण्यांत उत्तर देणारास द्रव्यलाभ नव्हता. पण त्याच्या उत्तराची कोणास तरी मनापासून गरज होती. त्यानें कर्जाचा आकडा चुकीचा सांगितला असता, तर ग्रंथाचें तें पान चुकलें असतें.

अशी गरज खरी असली, म्हणजे विचारणारा निवडक होतो. १९३६ सालच्या अमेरिकेंतील अध्यक्षाच्या निवडणुकींत 'लिटररी डायजेस्ट' नामक साप्ताहिकानें सुमारें एक कोटि लोकांकडे मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. आणि त्यांवरून त्यानें लँडन निवडून येणार असें भविष्य वर्तविलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं अठ्ठेचाळीसपैकीं शेहेचाळीस संस्थानें जिंकलीं. जॉर्ज गॅलप यांनीं मात्र त्या मानानें मूठभर, परंतु समाजाच्या निरनिराळ्या थरांतून बेतानें निवडलेल्या लोकांस विचारून निकालाची दिशा बरोबर सांगितली. तेव्हांपासून प्रामाणिक पाहणी करणारास एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, ती ही कीं, त्यास सर्वांचीं उत्तरें नकोच असतात. म्हणून तो प्रथम वय, गांव, धंदा विचारतो आणि पुष्कळांस 'आपण या पाहणीस पात्र नाहीं' असें सांगून परत लावितो. उत्तर देणारास यांत अपमान वाटतो, वेळ फुकट गेल्याचा राग येतो. पण हा नकार खरेपणाचें एक लक्षण आहे. उलट जो येईल त्यास आंत घेतो, कोणासहि नाहीं म्हणत नाहीं, आणि शिवाय 'आणखी दहाजण आणा' म्हणतो, त्यास उत्तरांचें काम नसून माणसांचें काम आहे असें खुशाल समजावें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर यांतच येतें. पैसे मिळतात, पण फार थोडे मिळतात. साबणाबद्दलच्या एका मताचा व्यापाऱ्यास जितका उपयोग, तितकीच त्याची किंमत. प्रामाणिक संस्था पांच-दहा मिनिटांच्या प्रश्नावलीबद्दल थोडेसे रुपये अथवा गुण देतात, गुण ठराविक सांठल्यावांचून पैसे काढूं देत नाहींत, आणि कित्येक तर रोख देतच नाहींत. 'गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स' ही प्रसिद्ध सेवा आपल्याकडे अँड्रॉइड मोबाइलवर जो मोबदला देते, तो गूगलच्याच 'प्ले' दुकानांत खर्चावा लागतो. यावर कोणाचा संसार चालावयाचा नाहीं. मोबाइलच्या रिचार्जाचा कांहीं भार हलका झाला, तर पुष्कळ झालें. जेथें याहून मोठा आकडा सांगितला जातो, तेथें तो आकडा कोणाच्या खिशांतून येणार, हें विचारण्याचा हक्क आपणांस आहे.

मात्र नीतीचें ओझें एकट्या विचारणारावरच टाकून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. पात्र ठरावें म्हणून वय बदलणें, घरांत मोटार नसतां आहे म्हणून लिहिणें, प्रश्न न वाचतां पहिल्या पर्यायावर बोट ठेवीत सुटणें, एकाच माणसानें चार नांवांनीं चार खातीं उघडणें, हे प्रकार सर्रास चालतात, आणि ते हुडकण्यासाठीं प्रश्नावलींत सापळेहि घातलेले असतात. 'कंपनी मोठी आहे, तिचें काय बिघडतें?' असें त्यावर समर्थन ऐकूं येतें. परंतु आपण जें विकतों तें खरें उत्तर म्हणून विकतों. दुधांत पाणी घालणारा गवळीहि गिऱ्हाईक श्रीमंत आहे एवढ्यानें निर्दोष ठरत नाहीं. आणि ज्यानें आपल्या उत्तराचें खरेपण आपल्या हातानें शून्य केलें, तो आपलें उत्तर कोणास हवें आहे हें विचारण्याची संवयहि गमावून बसतो. ती गमावली, कीं ठकाचें काम सोपें होतें.

हें काम किती सोपें होतें, याचें मोठें उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडून गेलें आहे. २०१० सालीं सिंगापूरच्या 'स्पीक एशिया ऑनलाइन' या कंपनीनें भारतांत पाय पसरले. वर्षाची वर्गणी अकरा हजार रुपये. तिच्या बदल्यांत संगणकावर वाचावयाचें एक नियतकालिक मिळे, आणि आठवड्यांतून दोन पाहण्या भरल्या, कीं हजार रुपये जमा होत. याशिवाय नवा सभासद आणल्याबद्दल निराळी रक्कम. लाखों लोक सभासद झाले. मे २०११ मध्यें वृत्तपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें चौकशी चालविली, तेव्हां ज्या मोठ्या कंपन्यांचीं नांवें गिऱ्हाईक म्हणून सांगितलीं जात होतीं, त्यांतील कित्येकींनीं आपण असलें काम दिलेंच नसल्याचें कळविलें. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें तपास हातीं घेतला, धरपकड झाली, आणि तपासांत दोन हजार कोटींहून अधिक रकमेचा आकडा पुढें आला.

आतां थोडें गणित करूं. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे बावन्न हजार रुपये. भरले अकरा हजार. पाहण्या विकत घेणारें गिऱ्हाईक नाहीं असें धरलें, तर हे बावन्न हजार पुरे करण्यास सभासदाच्या स्वतःच्या वर्गणीखेरीज आणखी जवळजवळ चार जणांच्या वर्गण्या पाहिजेत. त्या चौघांस प्रत्येकीं चार, म्हणजे सोळा. अशा दहा पायऱ्या उतरल्यावर दहा लाखांवर माणसें लागतात, आणि पंधराव्या पायरीस शंभर कोटींवर. एवढी माणसें कोठून आणावयाचीं? हा हिशेब इयत्ता सातवीच्या मुलास येण्याजोगा आहे. तरीहि तो कोणी केला नाहीं. कारण पाहणी भरल्यानें सभासदास आपण कांहीं काम करीत आहों असें वाटत असे. नुसते पैसे दुप्पट करून देतों म्हटलें असतें, तर शहाणा मनुष्य सावध झाला असता. येथें त्यास मजुरीचा भास दिला होता. ती उत्तरें कोणी वाचतो काय, हा एकच प्रश्न त्यानें विचारला असता, तर सर्व डोलारा तेथेंच कोसळला असता.

परंतु याहूनहि खोल अशी एक गोष्ट या प्रकरणांत आहे. सभासदाचें साबणाबद्दलचें मत जरी कोणास नको होतें, तरी त्याचें एक मत कंपनीस फार हवें होतें, आणि त्याबद्दल ती रोख पैसेहि मोजीत होती. तें मत त्यानें आपल्या मामास, मेहुण्यास, शेजारच्या शिक्षकास सांगितलेलें असे: 'योजना खरी आहे, मला पैसे मिळाले.' विकलें गेलें तें हें मत. खेड्यांतील शिकलेल्या मुलाच्या शब्दास घरांत वजन असतें. तेंच वजन तराजूंत घालून कंपनीनें मामाची वर्गणी मोजून घेतली. आणि जेव्हां सर्व प्रकार उघडकीस येऊं लागला, तेव्हां सभासदांच्या संघटना कंपनीच्याच बाजूनें उभ्या राहिल्या, आपले पैसे मिळावे म्हणून कांहीं सभासद सर्वोच्च न्यायालयापर्यंतहि गेले. लोक यास मूर्खपणा म्हणतात. आम्हांस त्यांत मूर्खपणापेक्षां लाज अधिक दिसते. ज्यानें स्वतःच्या शब्दावर चार नातलगांस आंत ओढलें, त्यास 'ही फसवणूक होती' हें वाक्य उच्चारणें म्हणजे चार घरांचें तोंड चुकविणें होतें. निवडणुकींत मत विकणारा एका दिवसापुरता लोकशाहीचा अपराधी होतो. हा मनुष्य, नकळत कां होईना, आपल्या माणसांच्या विश्वासाचा दलाल झाला होता.

अशा योजनांस १९७८ च्या केंद्रीय कायद्यानें बंदी आहे, आणि ठेवीदारांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा कायदा आहे. परंतु कायदा मागून येतो, आणि ठक पुढें जाऊन वेष बदलतो. हल्लीं वर्गणी कोणी मागत नाहीं. व्हॉट्सॲपवर अथवा टेलिग्रामवर निरोप येतो: अमुक हॉटेलास तारे द्या, अमुक पाहणी भरा. पहिल्या दिवशीं शे-दीडशें रुपये खरोखर खात्यांत पडतात. मग एका गटांत घेतलें जातें. तेथें आपल्याला एवढे मिळाले म्हणून सांगणारे पुष्कळ असतात, आणि ते बहुधा ठकाचेच सोबती असतात. मग 'आधीं दोन हजार भरा, तीन हजार मिळतील' असें काम येतें. पडद्यावर आकडा वाढत जातो, हातांत कांहीं येत नाहीं. आकडा काढावयास गेलें, कीं कर भरा, दंड भरा, असें सांगितलें जातें. मनुष्य गेलेले पैसे सोडविण्यासाठीं आणखी पैसे घालीत जातो. हत्ती गेला, आतां शेपूट तेवढें राहिलें, या आशेवर दुसराहि हत्ती जातो.

येथें कोणी म्हणेल कीं, फसतो तो लोभामुळेंच फसतो. त्याची कींव कशाला? हा आक्षेप आम्हांस अर्धवट खरा वाटतो. लोभ असतोच, पण लोभ आणि गरज हीं एकाच पारड्यांत घालणें अन्यायाचें आहे. बसल्या जागीं एकाचे दहा व्हावे असें इच्छिणारा लोभी खरा; परंतु काम करून दोन पैसे मिळावे, आणि त्यासाठीं घर सोडावें लागूं नये, एवढी इच्छा करणारास लोभी कोण म्हणेल? ठकानें पहिला आघात या दुसऱ्या, निर्दोष इच्छेवरच केलेला असतो. लोभाची ठिणगी तो मागाहून पेटवितो. म्हणून फसलेल्यास आपण हंसतों तेव्हां आपण ठकाचेंच काम पुढें चालवितों. हंसें होईल या भीतीनें तो गप्प राहतो, आणि त्याच्या मौनाच्या आडोशास शेजारचें घर फसतें.

चौसाळ्याच्या तरुणास खऱ्याखोट्याची पारख करण्यास परकीय ग्रंथ उघडावयास नकोत. ती पारख त्याच्या घरांतच आहे. मुकादमाची उचल ही कांहीं दयेची वस्तु नव्हे. तिच्या फेडीखालीं कुटुंबेंच्या कुटुंबें दबून जातात. पण त्या कठोर व्यवहारांतहि पैसा कोणीकडून कोणीकडे जातो? काम करून घेणाराकडून काम करणाराकडे. कारण उसाची तोड कोणास तरी खरोखर हवी असते. तोडीवांचून कारखान्याचें चाक फिरत नाहीं. आजवर कोणत्याहि मुकादमानें 'ऊस तोडावयाचा असेल, तर आधीं अकरा हजार भर' असें म्हटलेलें ऐकिवांत नाहीं. जेथें राबणाराकडूनच उचल मागितली जाते, तेथें श्रमाची कोणास गरज नाहीं. जें त्याच्या निरक्षर आजोबास कळलें असतें, तें पदवीधरास पडद्याच्या झगमगाटांत कळेनासें होतें, एवढेंच.

या एका कसोटींतून बाकीचे नियम आपोआप निघतात. नोंदणीस, शिक्षणास वा पैसे काढण्यास जो पैसे मागतो, त्यास उत्तर नको आहे. साबणाच्या प्रश्नावलींत आधार क्रमांक, बँकेचा सांकेतिक अंक किंवा आलेला ओटीपी जो विचारतो, त्यासहि तें नको आहे. कारण साबणाच्या मतास त्यांचा उपयोग नाहीं. पैसे स्वीकारण्यास यूपीआयचा पिन कधींहि लागत नाहीं. तो लागतो फक्त देण्यास. आपलें बँकेचें खातें वापरावयास मागणारा तर आपणांस चोरीच्या मालाचें कोठार बनवूं पाहतो, आणि पुढें पोलिसांच्या पुढें उभें राहण्याची पाळी खातेदारावर येते. आणि इतकें करूनहि फसगत झालीच, तर लाज बाजूस ठेवून त्याच घटकेस १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें; रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वीं ती थोपविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच असते.

राहतां राहिला तो तरुण. त्यास आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, फावल्या वेळांत प्रामाणिक पाहणी भरून चार रुपये मिळविण्यांत कांहीं वाईट नाहीं. मात्र तें काम समजावें, नशीब समजूं नये. प्रत्येक वेळीं स्वतःस विचारावें: 'माझें हें उत्तर कोणास हवें आहे, आणि कशासाठीं?' याचें उत्तर सांपडलें नाहीं, तर तेथून उठावें. कारण तेथें विकाऊ वस्तु आपणच आहों. सांपडलें, तर मग खरें तेंच लिहावें. कारण तें कोणीतरी वाचणार आहे. ठकापासून वांचविणारा आणि स्वतः ठक होण्यापासून आवरणारा हा प्रश्न एकच आहे. घरांत मामानें, शेजाऱ्यानें सल्ला विचारला, तर तेथेंहि हाच प्रश्न पुढें करावा. त्या सल्ल्याचे पैसे मिळत नाहींत, आणि मिळूंहि नयेत. ज्या मतास घरांत किंमत आहे, तें बाजारांत नेऊं नये, एवढी जाणीव शिकलेल्या मुलास राहिली, तर आईबापांनीं त्याच्या शिक्षणासाठीं घेतलेली उचल फिटली असें आम्ही म्हणूं.